घर सोडणाऱ्यांची गावे

माणूस घर सोडतो तो अनेक कारणांनी. कोणी पोटासाठी सोडतो, कोणी शिक्षणासाठी, कोणी भाऊबंदकीला कंटाळून, तर कोणी देवासाठी. यांपैकी पहिल्या तिघांना समाज फारसा जाब विचारीत नाही. साताऱ्याचा मुलगा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेला, सांगलीची लेक आखातात परिचारिका झाली, तर त्यांच्या आईवडिलांचे अभिनंदनच होते. पण तोच मुलगा धर्मगुरू व्हायचे म्हणू लागला, किंवा त्याच लेकीने मठाची वाट धरायचे ठरवले, की मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात हलक्या आवाजात एक प्रश्न विचारला जातो : मग म्हातारपणी आईबापांकडे कोण पाहणार?

हा प्रश्न आम्हांस क्षुद्र वाटत नाही. पूर्वी घरात सहा-सात लेकरे असत. त्यांतले एखादे देवाला दिले, तरी आईवडिलांच्या उशापायथ्याशी बसणारी इतर उरत. आज एक किंवा दोन मुले असलेल्या घरात पाचारणाची हाक येते, तेव्हा ती एकट्या मुलाला येत नाही. आईवडिलांच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याला येते. अशा वेळी 'देवाने बोलावले, आता शंका कसली?' असे म्हणून त्यांना गप्प करणे हे काही श्रद्धेचे लक्षण नव्हे. देवासाठी घर सोडणारा त्या घराचे काही देणे लागतो की नाही? आणि ज्या समाजाला त्याच्या त्यागाचा लाभ होतो, तो समाज त्या घराचे काही देणे लागतो की नाही? या दोन प्रश्नांचा विचार आपण येथे करू.

त्यासाठी आधी आपल्या पायाखालची भूमी पाहावी. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत, कृष्णेच्या खोऱ्यात, घर सोडून निघालेल्या माणसांमुळे नावारूपाला आलेली किती स्थाने आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे मन थक्क होते.

सांगली जिल्ह्यातील औदुंबर पाहा. पलूस तालुक्यात, अंकलखोप-भिलवडीच्या परिसरात, कृष्णाकाठी हे लहानसे क्षेत्र आहे. नाव झाडाचे, औदुंबर म्हणजे उंबर. दत्तसंप्रदायाची परंपरा सांगते, की श्रीनृसिंहसरस्वती नावाचे संन्यासी पंधराव्या शतकात येथे आले आणि त्यांनी पावसाळ्याचे चार महिने, म्हणजे एक चातुर्मास, नदीकाठच्या उंबराच्या छायेत काढला. चातुर्मास सरला आणि ते पुढे गेले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर ते बारा वर्षे राहिले. त्या जागेला आज आपण नृसिंहवाडी म्हणतो. तेथूनही उठून ते गाणगापूरला गेले. औदुंबरला मागे राहिल्या त्या पादुका. त्यांच्याभोवती देऊळ झाले, नदीला घाट झाला, ओवऱ्या झाल्या, पुजाऱ्यांची घरे झाली, यात्रेकरूंसाठी दुकाने झाली. विसाव्या शतकात याच औदुंबरात कवी सुधांशू राहिले, आणि १९३९ पासून मकरसंक्रांतीला तेथे साहित्यसंमेलन भरू लागले. ज्याने स्वतः कोठेही घर केले नाही, त्याच्या चार महिन्यांच्या मुक्कामावर शतकांचे एक गाव उभे राहिले.

सातारा जिल्ह्यातील चाफळ आणि सज्जनगड यांची गोष्ट आपल्या वाचकांना शाळेपासून ठाऊक आहे. जांबच्या ठोसर घराण्यातील नारायण नावाचा मुलगा लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला, असे परंपरा सांगते. पुढे समर्थ रामदास म्हणून कृष्णेच्या खोऱ्यात आलेल्या या विरक्ताने १६४८ साली चाफळला राममंदिर उभारले. शहापूर, मसूर, उंब्रज, शिराळा, बहे अशा गावोगावी मारुती स्थापिले. आणि अखेरची काही वर्षे परळीच्या किल्ल्यावर काढून १६८२ साली तेथेच देह ठेवला. तो किल्ला आज सज्जनगड म्हणूनच ओळखला जातो. मावळत्या उन्हात गड चढणाऱ्या यात्रेकरूला तेथे आजही प्रसादाचे जेवण मिळते. लग्नाचे जेवण टाकून पळालेल्या मुलाच्या नावाने शतकानुशतके परक्या माणसांच्या पंगती उठत आहेत.

याहूनही मागे गेलो तर कऱ्हाड लागते. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. दगडात कोरलेल्या त्या अरुंद खोल्यांत, दगडाच्याच ओट्यांवर, घर सोडून आलेले भिक्षू झोपत. त्यांना पोसणारे गृहस्थ खाली गावात होते. हे गृहस्थ किती उदार होते याचा पुरावा दूर मध्य प्रदेशात सापडला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील भारहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत 'करहकट' या नगराचेही नाव आहे. विद्वानांच्या मते हे करहकट म्हणजेच आपले कऱ्हाड. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या पंचक्रोशीतील संसारी माणसांनी संन्याशांच्या एका दूरच्या स्तूपासाठी आपल्या कमाईतला वाटा पाठवला होता.

व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा आदर करण्यास आपल्याला सांगितले, म्हणून ही स्थाने आपण परकी मानू नयेत. पण आपल्या स्वतःच्या ख्रिस्ती परंपरेतही नेमके हेच घडले आहे, आणि तेही आपल्याइतक्याच साध्यासुध्या गावांत.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या जिभेसारखा ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत ग्रेट ब्रिटनच्या वेल्स आणि कॉर्नवॉल भागांतून लोक होड्यांतून समुद्र ओलांडून तेथे स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर मठवासी होते, एकांतवासी तपस्वी होते. त्यांच्या वस्त्यांची नावे अजून त्या किनाऱ्यावर टिकून आहेत. ब्रेटन भाषेत गावाच्या नावाआधी 'लान' आले, तर तेथे एखाद्या संताची कुटी वा मठ होता असे समजावे. 'प्लू' आले, तर ते धर्मग्राम होते असे समजावे. आपल्याकडे नरसोबाची वाडी म्हणतात, तसाच हा प्रकार.

त्यांतलेच लांदेवेनेक हे खाडीकाठचे, अवघ्या काहीशे वस्तीचे गाव. संत ग्वेनोले याने पाचव्या शतकाच्या अखेरीस तेथे मठ स्थापला, असे परंपरा मानते. ८१८ साली सम्राट लुई याच्या आज्ञेने त्या मठाने संत बेनेडिक्टचे नियम स्वीकारले. ९१३ साली उत्तरेकडील दर्यावर्दी लुटारूंनी तो उद्ध्वस्त केला आणि मठवासी परागंदा झाले. काही वर्षांनी ते परतले, मठ पुन्हा उभा राहिला. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच राज्यक्रांतीने तो पुन्हा बंद पाडला. भिंती ढासळल्या, दगड विकले गेले. तरी खाडीकाठचे गाव राहिले आणि त्याने मठवाशाचेच नाव धारण केले. शेवटी १९५८ साली बेनेडिक्टन मठवासी त्याच गावी नवा मठ बांधून परत आले. जवळजवळ दीडशे-पावणेदोनशे वर्षे मठाविना राहिलेल्या गावाने मठाचे नाव जपून ठेवले होते.

याच ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर सां ब्रियाक नावाचे दुसरे एक लहान गाव आहे. आयर्लंडहून आलेल्या ब्रियाक नावाच्या सहाव्या शतकातील मठवाशाचे नाव ते वागवते. तेथे १९१० साली आंरी ल सो नावाचा मुलगा जन्मला. तो घरातला थोरला. १९२९ साली तो केर्गोनांच्या बेनेडिक्टन मठात गेला. भारतात जाऊन संन्यस्त जीवन जगावे ही ओढ त्याच्या मनात १९३४ च्या सुमारास उत्पन्न झाली; पण ती पूर्ण व्हायला १९४८ साल उजाडले. मधल्या काळात त्याने आईसाठी एक आध्यात्मिक लेखन हाताने लिहून दिले. आई १९४४ साली वारली. भारतात आल्यावर १९५० साली त्याने फादर झूल मोंशानँ यांच्यासह तमिळनाडूत कावेरीकाठी 'शांतिवनम्' हा आश्रम स्थापला आणि 'स्वामी अभिषिक्तानंद' हे नाव घेतले. तो पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. धाकटी बहीणही मठवासिनी झाली होती; तिला मात्र तो पत्रे लिहीत राहिला. १९७३ साली इंदुरात त्याचे निधन झाले. घर सोडणाऱ्याच्या नावाचे गाव. त्या गावातून आणखी एकाने घर सोडले. आणि आपल्या देशातील एका नदीकाठी आणखी एक स्थान जन्मास आले. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा, तसे हे आहे.

आता या सर्व कथांमागचे कोडे पाहू. ज्यांनी जगाकडे पाठ फिरवली, त्यांच्याभोवती जग का जमले? तपस्वी एकांत शोधीत गेला, आणि त्याच्या एकांताभोवती बाजार भरला, पेठ वसली, हे का झाले?

आम्हांस त्याचे उत्तर त्यांच्या दारात दिसते. संसारी माणसाचे दार स्वाभाविकपणेच आधी आपल्या माणसांसाठी असते. तसे ते असावेही. नाहीतर लेकरे कोणी वाढवावीत? पण वाटसरू, निपुत्रिक, रोगी, पळून आलेला, वाट चुकलेला असा जो कोणाचाच नसतो, त्याने कोठे जावे? ज्याचे स्वतःचे कोणी नाही अशाच्या दारी तो निःशंक जाऊ शकतो. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या त्रेपन्नाव्या प्रकरणात पाहुण्याला साक्षात ख्रिस्त मानून घ्यावे असे बजावले आहे. दारावर एक समंजस वृद्ध मठवासी नेमावा, म्हणजे आलेल्याला उत्तर देणारा कोणी सदैव हजर राहील, असेही तो सांगतो. ज्या दारावर उत्तर मिळते, त्या दाराकडे पाऊलवाट पडते; पाऊलवाटेचा रस्ता होतो आणि रस्त्याकाठी घरे होतात. आपल्या जवळचेच उदाहरण घ्यायचे तर पाचगणीचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ सालापासून चालवणाऱ्या धर्मभगिनींचा संघ बेल्जियममधील लिएज येथे स्थापन झालेला. कोणा आयांनी सोडलेल्या त्या मुली आपल्या डोंगरमाथ्यावर आल्या आणि परक्यांच्या लेकींना त्यांनी आपल्या छताखाली घेतले.

येथवर संन्याशाची बाजू झाली. पण न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पाचगणीत मुली शिकल्या हे खरे. तिकडे बेल्जियममध्ये वा आयर्लंडमध्ये कोणा आईने टपालाची वाट पाहत आयुष्य काढले, हेही तितकेच खरे. चाफळला मंदिर झाले. तिकडे जांबेत राणूबाई मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसली, आणि रडून रडून तिची दृष्टी गेली असे परंपरा सांगते. गावाला लाभ झाला, किंमत मात्र घराने दिली. लाभ एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, हे कोणत्या नीतीत बसते?

नवल असे, की जवळजवळ प्रत्येक परंपरेने या आक्षेपाची दखल घेतली आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात लिहून ठेवले आहे, की बायकोमुलांची व्यवस्था न लावता जो संन्यास घेईल त्याला राजाने दंड करावा. बौद्ध विनयात आईवडिलांची संमती असल्याखेरीज मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. आणि त्याची कथा मोठी हृदयद्रावक आहे. मुलगा गेला, मग नातू राहुलही गेला, तेव्हा वृद्ध शुद्धोदनाने हा नियम मागून घेतला, आणि बुद्धाने तो मान्य केला. म्हणजे आगाशिवाच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या संघाचा नियमच एका बापाच्या दुःखातून आलेला होता. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत घरची गोष्ट दडवून संन्यासी झाले, तेव्हा गुरूंनीच त्यांना परत घरी धाडले, हे तर मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे.

औदुंबरचे श्रीनृसिंहसरस्वती यांचीही गोष्ट गुरुचरित्रात आहे. मुंज झाल्यावर ते घर सोडू निघाले, तेव्हा आईने आक्रोश केला. त्यांनी तो आक्रोश ओलांडला नाही. तुला आणखी पुत्र होतील असे त्यांनी आईला आश्वासन दिले, आणि ते होईपर्यंत ते घरी थांबले. आईच्या मांडीवर धाकटी भावंडे आल्यावर त्यांनी कारंजे सोडले, आणि पुष्कळ वर्षांनी तेथे येऊन आईवडिलांना पुन्हा भेटले. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कथाकाराला काय म्हणायचे आहे हे स्पष्ट आहे. खरा संन्यासी आईची कूस रिती करून जात नाही.

आपल्या पवित्र शास्त्रात तर हा विचार अधिक तीव्र आहे. प्रभू येशूने आपल्या मागे येणाऱ्याने आईबापांहूनही आपल्याला वरचे मानावे अशी मागणी केली, हे आपण लूकच्या शुभवर्तमानात वाचतो, आणि ती मागणी मवाळ करण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण त्याच प्रभूने मार्कच्या सातव्या अध्यायात परुश्यांना खडसावले आहे. आईबापांच्या पोषणासाठी द्यायचे धन देवाला वाहिलेले, म्हणजे 'कुर्बान', आहे असे जाहीर करून जे हात झटकीत, ते देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा मोडतात, असे त्याचे म्हणणे होते. ही दोन वचने एकत्र ठेवूनच वाचली पाहिजेत. देव आईबापांहून मोठा खरा, पण आईबापांना टाळण्यासाठी घेतलेले देवाचे नाव खोटे.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात दोन बारीक तपशील आहेत, ज्यांवरून आपली दृष्टी सहज निसटून जाते. याकोब आणि योहान निघाले, तेव्हा त्यांनी जब्दी या आपल्या बापाला तारवात सोडले. पण शुभवर्तमानकार आवर्जून सांगतो, की त्याच्याबरोबर चाकर होते. म्हातारा एकटा पडला नव्हता. जाळी ओढायला हात होते. आणि पेत्राने जाळी टाकल्यानंतर प्रभू ज्या घरात गेला, ते पेत्राचेच घर होते. तेथे त्याने तापाने पडलेल्या पेत्राच्या सासूला हाताला धरून उठवले. ज्या घरातला माणूस प्रभूने उचलला, त्या घरातले दुखणे प्रभूने परके मानले नाही.

ख्रिस्तसभेनेही हे सूत्र जपले. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात स्पष्ट म्हटले आहे, की आईवडील खरोखर निराधार असतील आणि मुलांवाचून त्यांचा निर्वाह होणे शक्य नसेल, तर त्यांना टाकून मठात जाणे योग्य नव्हे. व्रते घेतल्यानंतर असा प्रसंग ओढवला, तर वरिष्ठांच्या आज्ञेत राहून त्यांच्या साहाय्याचा मार्ग शोधावा, असेही ते सांगतात. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने तर आईवडिलांबरोबर आजीआजोबांचाही उल्लेख करून, ते गंभीर अडचणीत असता त्यांना आधार देणे ज्याचे कर्तव्य आहे अशाला मठात घेण्यास मज्जाव केला होता. १९८३ च्या संहितेत ते कलम उरले नाही. पण त्यामागची नीती काही रद्द झालेली नाही. ती आता प्रत्येकाच्या विवेकावर सोपवली गेली आहे, एवढेच.

साताऱ्याच्या भूमीवरच या प्रश्नाचा एक ख्रिस्ती अध्याय घडलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते. पण त्यांच्या भक्तिगीतांचे ऋण मराठी ख्रिस्ती माणूस, मग तो कोणत्याही चर्चमध्ये जाणारा असो, नाकारू शकणार नाही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. त्या ताटातुटीच्या वर्षांत त्यांनी काय सोसले, ते 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मकथनात त्यांनी आपल्या निर्मळ, हसऱ्या भाषेत लिहून ठेवले आहे. आणि त्या हसण्यामुळेच ते अधिक बोचते. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली, आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे येशूचे सर्व चाहते ज्यात सामावतील, असा बंधुभाव त्यांना हवा होता. या वेळी मात्र संन्याशाने घर मागे टाकले नाही. संसारासह संन्यास, असा तो प्रयोग होता.

तो दरबार फार काळ चालला नाही. १९१९ साली टिळक मुंबईत वारले. पण त्यांचे चरित्र १९२३ साली लिहिणारे जॅक विन्स्लो यांना त्यांच्यापासून स्फूर्ती मिळाली होती. विन्स्लोंनी १९२२ साली 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापला, आणि त्याचा आश्रम पुढे पुण्यात उभा राहिला. साताऱ्यात गाव वसले नाही, तरी बी वाया गेले नाही.

टिळकांच्या दोन प्रस्थानांची आपण तुलना केली, तर आरंभीच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटतो. सोडणाऱ्याने देणे कसे फेडावे? त्याने सोडण्यापूर्वी मागे वळून पाहावे. मागे कोण उरते, त्यांच्या हाताशी कोण आहे, त्यांची संमती आहे की त्यांचे नुसते मौन आहे, हे त्याने प्रामाणिकपणे विचारावे. त्यासाठी थांबावे लागले तर थांबावे. देवाची हाक खरी असेल, तर ती दोन-चार वर्षांनी विझत नाही. ब्रिटनीच्या त्या तरुण मठवाशाने चौदा वर्षे भारताची ओढ मनात सांभाळलीच की. आणि गेल्यानंतर ज्या मायेला त्याने घरापुरते मर्यादित ठेवले नाही, ती सर्वांसाठी मोकळी करावी. घर सोडूनही ज्याचे दार बंदच राहिले, त्याने घर सोडले ते केवळ स्वतःच्या सोयीसाठी.

उरतो दुसरा भाग, आणि आमच्या मते तोच आज अधिक महत्त्वाचा आहे. सोडणाऱ्याचा हिशेब आपण तपशीलवार मागतो. पण आपला हिशेब? एखाद्या धर्मग्रामातील मुलाची गुरुदीक्षा होते तेव्हा सगळे गाव नटते. मांडव पडतो, बँड वाजतो, पहिल्या मिस्सेला जागा अपुरी पडते. आमच्या गावाने देवाला मुलगा दिला, असे आपण अभिमानाने म्हणतो. गावाने दिला? गावाने मांडव दिला. मुलगा दोन माणसांनी दिला. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो, आणि ती दोन माणसे आपल्या घरी परततात.

सातारा-सांगलीकडील आपली कुटुंबे मोजकी आणि दूरदूर विखुरलेली आहेत. एखादे घर कऱ्हाडला, एखादे मिरजेला, एखादे साखर कारखान्याच्या वसाहतीत. नोकरीसाठी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना पैसे येतात, फोन येतात, दिवाळी-नाताळला नातवंडे येतात. व्रतस्थ मुलामुलींच्या आईवडिलांना नातवंडे नसतात, आणि मुलाच्या खिशात पाठवण्यासारखे काही नसते. अशा म्हातारीला दवाखान्यात कोणी न्यायचे? तिच्या घराचे गळके छप्पर पावसाळ्यापूर्वी कोणी शाकारायचे? तिच्या उशाशी रात्री कोणी बसायचे? ज्या धर्मग्रामाने तिच्या मुलाच्या हातून कोठेतरी प्रसाद, पापक्षमा, शिक्षण, औषध घेतले आहे, त्या सर्व धर्मग्रामांच्या वतीने हे देणे तिच्या शेजाऱ्यांकडे येते.

क्रूसावरच्या प्रभूने आपल्या मातेसाठी काय केले, ते योहान सांगतो. त्याने तिला नुसता धीर दिला नाही. एका शिष्याकडे बोट दाखवून तिला त्याची आई केले. आणि त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. जगासाठी जो घर सोडून गेला, त्याच्या आईला घर देण्याचे काम त्याच्या मित्रांवर सोपवले गेले. पवित्र मारियेला घरी नेणारा तो शिष्य म्हणजे आपण सर्व, असे ख्रिस्तसभा परंपरेने मानत आली आहे. मग आपल्या गल्लीतील धर्मगुरूच्या आईला, धर्मभगिनीच्या बापाला आपण आपले मानले नाही, तर त्या वचनाचा अर्थ आपल्यापुरता काय उरला?

कऱ्हाडच्या संसारी माणसांनी न पाहिलेल्या भिक्षूंसाठी शेकडो कोसांवर दान पाठवले होते. आपल्याला इतके दूर जायचे नाही. आपल्या धर्मग्रामातून आजवर कोण कोण व्रतस्थ झाले त्यांची नावे बहुधा चर्चच्या वहीत असतील. त्या नावांसमोर त्यांच्या हयात आईवडिलांची नावे लिहावीत, आणि प्रत्येक नावासमोर जवळच्या एका कुटुंबाचे नाव. पुढच्या वेळी एखाद्या घरात पाचारणाची हाक ऐकू आली, आणि आईने पदर डोळ्यांना लावून तोच जुना प्रश्न विचारला, तर तिच्या शेजाऱ्यांपैकी कोणीतरी 'आम्ही पाहू' असे म्हणू शकले पाहिजे. आणि ते म्हणणाऱ्याचे नाव आधीच त्या वहीत लिहिलेले असले पाहिजे.